दोन्ही कान दिसले पाहिजेत

अमळनेरला, स्टेशन रोडवर माझा स्टुडिओ, तीस वर्षं झाली.
हनुवटी वर. तोंड मिटा. चष्मा काढा.
दोन्ही कान दिसले पाहिजेत,
नाहीतर फॉर्म परत येतो.

रविवारी शटर अर्धं ओढतो
आणि चोपडा रोडच्या बंद जिनिंगमध्ये जातो.
कापूस जाऊन बारा वर्षं झाली,
पण पत्र्याखालच्या कैच्यांत तो अजून अडकलेला आहे.
वारा आला की एखादा पुंजका सुटतो, तरंगत उतरतो,
आणि सदतीस कुत्री एकदम वर बघतात.
तेवढ्यात मी तीन फोटो काढून घेतो.
एरवी ती फाटकाकडे बघत असतात.

फोटो चांगला आला तर कोणीतरी नेईल,
बोरसे मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या.
चांगला म्हणजे कसा?
स्थळासाठी काढता ना, तसा.
स्थळासाठी मी पाठीमागे बगीच्याचा पडदा लावतो.
इथे मागे फिनेलचा डबा, बादली,
भिंतीवर कोणा हमालाने खडूने लिहिलेला
गाठींचा हिशोब, अर्धाच.

बाळांना हसवायचा खुळखुळा नेला होता.
पासिंजरने तो तोंडात धरला
आणि गटारीपलीकडे नेऊन पुरला.
सुरत गाडीतून उतरला म्हणून त्याचं नाव पासिंजर.
डावा कान नाही.
म्हणजे याचा फॉर्म परत येणार,
मी मनातल्या मनात म्हणालो, आणि मग
उजवीकडून काढला.
हे खोटं होतं का, अजून ठरत नाही.
धंद्यात मीही किती जणांचे व्रण पुसलेत.

मे महिन्यात कॅमेरा हाताला भाजतो.
ओल्या गोणपाटाखाली सगळी आडवी,
जिभा बाहेर, पोटं भात्यासारखी.
देवकाबाई बर्फाची लादी फोडून पाण्यात टाकते,
ज्वारीच्या कण्या निवत ठेवते,
आणि माझ्यासाठी हाक मारते, आठे देख रे, आठे!
माझ्या मराठीला न वळलेली मान
अहिराणीला वळते.

मग फोन येतात.
जात कोणती?
मॅडम म्हणतात, इथलीच.
पलीकडे थोडा वेळ कोणी बोलत नाही,
मग, बरं, घरी विचारून सांगतो.
तरी अकरा गेली. पासिंजरही गेला,
धरणगावच्या एका वायरमनकडे.
त्याने एका कानाचं विचारलंसुद्धा नाही.
माझा काय होता, उजवीकडून काढायचा अट्टाहास?

राहिला मेंबर.
म्हातारा, करडा, सगळ्यांच्या भांडणात मध्ये उभा राहणारा.
त्याने मला कधी तोंड दाखवलं नाही.
कॅमेरा उचलला की उठायचा, वळायचा,
पाठ करून बसायचा.
पुढच्या रविवारी बघू, मी म्हणायचो.
त्याला कोण नेणार, असंही म्हणायचो,
आणि रोल काही संपत नसतो हल्ली,
तरी वाचवायचो.

गुरुवारी गेला. मला रविवारी कळलं.
बाभळीखाली माती अजून ओली होती.
देवकाबाई तगारी घासत होती,
वर न बघता म्हणाली,
तेना फोटू शे का तुन्हाकडे?

गेलेल्यांचे फोटो मी रोज काढतो,
म्हणजे कोणाच्या बारशातून, कोणाच्या पंगतीतून
चेहरा कापून मोठा करतो, हार घालण्याइतका.
तसाच रात्री बसलो.
चार महिन्यांचे फोटो उलटसुलट केले.
एका पिल्लाच्या मागे, कोपऱ्यात,
जांभई देताना सापडला.
डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक कान फ्रेमबाहेर.
एकही नियम पाळलेला नाही.

तिला मोठा नको होता.
चंचीत मावला पाहिजे, म्हणाली.
पासपोर्ट साइज काढला.
मशीनमधून आठच निघतात, कमी निघत नाहीत.
एक तिच्याकडे, चुन्याच्या डबीशेजारी.
सात ड्रॉवरमध्ये आहेत,
न नेलेल्या गिऱ्हाइकांच्या पाकिटांत.
पाकिटावर नाव घातलंय.
पुढे आगाऊ रक्कम लिहायची जागा असते,
ती तशीच ठेवली.